शेवट बाबा सांगायचे

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून या गृहस्थांना घरात करमत नाही आणि गावाला ते स्वस्थ बसू देत नाहीत. मागच्या वर्षी त्यांनी पाककृतींची स्पर्धा घेतली, त्याआधी मेणबत्त्या करायचं शिबिर. यंदा त्यांच्या डोक्यात सत्तरच्या दशकातले सिनेमे शिरले होते.

"ताई, पडद्यावर गाणी दाखवायची. बायकांनी ठिपक्यांच्या साड्या नेसून यायचं, मोठे अंबाडे घालायचे. आणि तुम्ही जुन्या जाणत्या, तुम्ही पाच मिनिटं आठवणी सांगायच्या. काय सिनेमे होते हो ते! सगळ्या घराने एकत्र बसून पाहावेत असे. आणि शेवट कसा, गोड!"

मी म्हटलं, "त्या वेळचे वीस-पंचवीस सिनेमे मी थेटरात पाहिले असतील. शेवट एकाचाही पाहिला नाही."

त्यांना तो विनोद वाटला. इतके हसले की बशीतला चहा पायजम्यावर सांडला. "हेच सांगा, हेच! लोक खूश होतील," असं म्हणत ते गेले. मी खरं तेच बोलले होते, पण खरं बोललेलं लोकांना विनोदी वाटतं याची आता सवय झाली आहे.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीच्या एका फाट्याच्या काठाला. आता फाट्यावर पूल आहे आणि रिक्षा दहा मिनिटांत पलीकडच्या बाजारगावात नेऊन सोडते. तेव्हा होडी होती. थेटर पलीकडे आणि आम्ही अलीकडे. गावातली निम्मी घरं मिठागरावर राबायची, आमचंही त्यातलंच. हंगामात आगराला सुट्टी फक्त अमावास्येला. त्या दिवशी मिठाला फावडं लावायचं नाही हा वाडवडिलांपासूनचा नियम, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे सिनेमाही अमावास्येलाच.

खाडीकाठच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. अमावास्येला भरती ऐन दुपारची. बाराच्या सुमाराला फाटा तुडुंब भरतो आणि पाच वाजेपर्यंत पाणी पार निघून जातं, उरतो मांडीएवढा चिखल. आम्ही बायका-पोरी भरल्या पाण्यात होडीने जायचो. खेळ अडीचचा, इंटरव्हल चारला. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं कशीबशी मिळायची, की होडीवाला थेटरात शिरायचा. पडद्यावर कुणी मरत असो नाहीतर कुणाचं लग्न लागत असो, तो दारात उभा राहून खच्चून ओरडायचा, "चला गो बायांनो! पानी चालला!" मग आमच्या बाकड्यांवरून तीस-चाळीस जणी एकदम उठायच्या. कुणाची चप्पल सापडायची नाही, कुणाचं पोर भोकाड पसरायचं, मागचे लोक शिव्या घालायचे. दारापर्यंत मी उलटी चालत जायचे, तेवढंच आणखी थोडं दिसावं म्हणून.

पुरुष मात्र बसून राहायचे. बांधाबांधाने फेरा मारून चालत आलं तर दीड तासाची वाट होती. ते तसे यायचे. बायकांनी बांधावरून यायचं नाही, कारण तिन्हीसांज होते, कारण वाटेवर विंचूकाटा, कारण आजवर कुणी बाई आली नाही. कारणांना काय तोटा! आम्हीही कधी हट्ट धरला नाही. अर्धा तर अर्धा, सिनेमा पाहायला मिळतो याचंच अप्रूप होतं.

आणि अप्रूप होतंच. सेक्रेटरींवर मी चिडले असले तरी हे नाकबूल करणार नाही. महिनाभर पांढऱ्या मिठावर ऊन पाहून डोळे भाजलेले असायचे. त्या अंधारात शिरलं की आधी काही दिसायचं नाही, मग पडद्यावर हिरवेगार डोंगर उलगडायचे आणि आमच्या बाकड्यावरून "अगो बाय!" असा एक सुस्कारा जायचा. नायकाच्या पँटी जमीन झाडून निघेल इतक्या रुंद. नायिकेच्या ब्लाउजची बाही डोळ्यांत साठवून पोरी दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे जायच्या आणि तो त्यांच्या आयांना दाखवता येईल अशीच बाही शिवून द्यायचा. नायकाच्या विधवा आईकडे शिलाई मशीन असायचीच. ती खोकायची, मशीन चालवायची आणि मुलगा एका गाण्यात मोठा व्हायचा. आम्ही रडायचो. पायांच्या भेगांत मीठ जाऊन रडू आलं नाही एवढं त्या खोकल्याने यायचं.

होडीत बसलं की प्रत्येकीचा आपापला शेवट सुरू. कुणी खलनायकाला ट्रकखाली घालायची, कुणी हरवलेला भाऊ आणून उभा करायची. भांडणं व्हायची. माझी आई फारसं बोलायची नाही, पण बोलली की सगळ्या ऐकायच्या. पण खरा शेवट समजायचा दुसऱ्या दिवशी सकाळी, आगरावर. तो बाबा सांगायचे.

बाबांच्या सांगण्याला रंग होता, हे मान्य करायला हवं. मिठाच्या राशीला फावडं टेकवून ते उभे राहायचे आणि सगळ्यांची सोंगं एकटे आणायचे. खलनायकाचं हसणं, पोलिसांची शिट्टी, नायिकेचे हुंदके. बायका टोपल्या खाली ठेवून ऐकायच्या. आमच्यावर देखरेख करणारा माणूसही ऐकत राहायचा आणि शेवट झाला की मग ओरडायचा. मला माझ्या बापाचा केवढा अभिमान वाटायचा! बाकीचे पुरुषही तोच सिनेमा पाहून आलेले असायचे, पण बाबा सांगत असताना कुणी मध्ये बोलत नसे. कुणी "असं नव्हतं" म्हणालेलं मला आठवत नाही. हे मला आता खटकतं. तेव्हा वाटायचं, बाबांइतकं नीट कुणाच्या लक्षातच राहत नसेल.

त्यातल्या एका सिनेमाचं सांगायचं आहे. नाव लिहीत नाही. मी सतरा वर्षांची असेन. मोठ्या घरातली सून. नवरा देखणा, तापट. घरात मेजवानी चालू असताना चार लोकांदेखत तो तिच्या थोबाडीत मारतो. सासू पाहते आणि पानाचा विडा तोंडात घालते. बाई पाठ फिरवते. वर जाते, बॅग भरते आणि जिना उतरून फाटकाबाहेर पडते. रस्त्यावर उभी राहते. इकडे जावं की तिकडे, तिचं ठरत नाही. आणि होडीवाला ओरडला.

त्या दिवशी होडीत कुणी भांडलं नाही. आई एवढंच म्हणाली, "ती जायाची न्हाय परत." बाकीच्या तिच्याकडे पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी शेवट सांगितला. धो धो पाऊस. नवरा भिजत तिच्या माहेरच्या दारात येतो. गुडघे टेकतो, तिचे पाय धरायला जातो. ती मागे सरते, आपले पाय धरू देत नाही, उलट आपणच वाकून त्याच्या पायाला हात लावते. मग दोघं मोटारीतून घरी. सासू दारात तबक घेऊन उभी, डोळ्यांत पाणी. "नवरा सुदारला, सासू सुदारली, सगला चांगला झाला," बाबा म्हणाले आणि त्यांनी फावडं उचललं. बायकांनी डोळे पुसले. आईने टोपली डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. नवरा ट्रकवर होता. तापट होता, देखणा नव्हता. लग्नाला तिसरं वर्ष लागलं तेव्हा मी एका सकाळी माहेरी आले. डाव्या कानातून रक्त येत होतं, ते पदराने दाबून होडीत बसले होते. होडीवाल्याने पाहिलं आणि नजर पाण्याकडे वळवली.

बाबा ओरडले नाहीत, रागावले नाहीत. मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळाने म्हणाले, "तो पिच्चर आठवतो का तुला? मेजवानीत मारतो तो? ती बाय येवढी शिकलेली, मोठ्या घरची. ती पन गेलीच ना परत? आनि मग काय झाला? सुदारला ना तो?" मी मान हलवली. पुढे तो शेवट त्यांनी पुन्हा सगळा सांगितला. पाऊस, गुडघे, तबक. या वेळी सोंगं न आणता, हळू आवाजात, मला एकटीला. आई आत चुलीपाशी होती. तिला ऐकू जात होतं. चौथ्या दिवशी बाबा स्वतः मला सासरी सोडायला आले. निघताना आईने माझ्या पिशवीत सुक्या कोळंबीचे सोडे बांधून दिले आणि म्हणाली, "जा बाय."

नवरा सुधारला नाही. कशाला सुधारेल? डावा कान कायमचा गेला. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणतात, माझ्या पदरी पडलेलं शेवटपर्यंत तसंच होतं. पण दर वेळी मार खाल्ला की मी तो शेवट डोळ्यांपुढे आणायचे. पाऊस पडतोय, तो गुडघ्यावर बसलाय, सासू ओवाळतेय. न पाहिलेला सिनेमा मी जन्मभर पाहिला. आज नाही तर उद्या, या पावसाळ्यात नाही तर पुढच्या. आठ वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा मला पहिला विचार आला तो हा की आता तो सुधारायचा राहिला.

सेक्रेटरी येऊन गेल्यावर मी सुनेला त्या सिनेमाची गोष्ट सांगितली. नाव मला आठवत होतं. तिने दोन मिनिटांत मोबाइलवर शोधून काढला. "आई, हा घ्या तुमचा सिनेमा," म्हणाली आणि पोराला शाळेतून आणायला गेली. पन्नास वर्षं जे समुद्रापलीकडे असल्यासारखं वाटत होतं ते सुनेच्या मोबाइलमध्ये पडून होतं आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. का विचारलं नव्हतं? शेवट मला माहीत होता म्हणून.

मी सुरुवात पुढे ढकलून सिनेमा फाटकापाशी आणला. बाई रस्त्यावर उभी. आणि मग ती चालायला लागली. एका जुन्या मैत्रिणीकडे गेली, तिथून एका लहान गावी, शाळेत शिकवायला लागली. एक खोली, एक कॉट, खिडकीत तुळशीची कुंडी. पाऊण तास असंच चाललं होतं. मी वाट पाहत होते की आता आभाळ भरून येईल. नवरा आला, पण पावसाचा थेंब नव्हता. रखरखीत ऊन होतं. तो काही गुडघ्यावर बसला नाही, खुर्चीवर बसला. तिने त्याला चहा दिला. त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तुम्ही बदलला असाल तर चांगलंच आहे, मला शाळेला उशीर होतोय. छत्री घेतली आणि गेली. तो त्या खोलीत कप हातात धरून बसून राहिला. वर्गातली मुलं उभी राहिली, तिने फळ्यावर तारीख लिहिली, आणि सिनेमा संपला.

मी तो भाग तीनदा पाहिला. उजवा कान मोबाइलला लावून, एकही शब्द सुटू नये म्हणून. सासूचं तबक कुठेतरी असेल, माझ्याकडून निसटलं असेल, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.

मग मला जो राग आला तो मी लपवणार नाही. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. तरी मी स्वयंपाकघरात उभी राहून त्यांना मोठमोठ्याने बोलले. तुम्ही तो शेवट डोळ्यांनी पाहून आलात. दीड तास बांधावरून चालत येताना तो डोक्यात फिरवलात आणि सकाळपर्यंत आमच्यासाठी दुसरा रचलात. एवढंच नाही, तुमच्याबरोबर पंधरा-वीस पुरुष होते, त्यांनीही माना डोलावल्या. बाबांच्या सिनेमात एकही बाई घराबाहेर राहिली नाही, हे त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. विस्तवावर दूध होतं, ते उतू गेलं.

मंडळाच्या कार्यक्रमात हेच सांगायचं, असं मी ठरवलं. ठिपक्यांच्या साड्या नेसून बसा आणि ऐका. पण आधी आईला सांगायचं होतं. आई शहाऐंशीची आहे, भावाकडे असते, आमच्यापासून चार घरं सोडून. होडीत ती म्हणाली होती तेच खरं होतं. पन्नास वर्षांनी का होईना, तिला ते कळायला हवं होतं. खरं सांगू? दोघी मिळून बाबांना शिव्या घालू, एवढीच माझी इच्छा होती.

आई पडवीत सुकट निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. तो सिनेमा, ती बाई, बाबांनी सांगितलेला पाऊस. "बाबांनी खोटं सांगितलं. ती परत गेलीच नाही."

आईचे हात थांबले नाहीत. "मना ठाव हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्या पिच्चरच्या दुसऱ्या महिन्यात कासारीन आलती बांगड्या भरायला. ती पलीकडचीच. तिनं चार येला बघितलाता. तिनं सांगितला."

मला मोजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे मी कान फुटून आले, ओट्यावर बाबा मला ते सगळं सांगत होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" तिने सुकटीतलं एक शिंपलं काढून बाजूला टाकलं. "तुझ्या बापसानं सांगितला तो ऐकून तू गेलीस. खरा सांगितला असता तर तू रायली असतीस. भावाचा लगीन ठरला होता. खोली एक. तुना ठेवली असती कुठं?"

बाबांवरचा राग किती सोपा होता. ते मेलेले, फोटोत हसणारे, त्यांना काहीही बोलता येत होतं. ही समोर बसली होती, हिच्या हातचा चहा मी कालच प्यायले होते. तिच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता आणि कठोरपणाही नव्हता. भात शिजला, भात उतरवला, असं सांगावं तसं ती सांगत होती.

मग तिने हात पदराला पुसले. "दाखव बरा. मी आयकलाय नुसता, बघितला न्हाय."

मी मोबाइल तिच्या मांडीवर धरला. ती वाकून पाहू लागली. नवरा खुर्चीवर बसला तेव्हा तिने विचारलं, "हाच का तो?" बाईने छत्री उचलली आणि ती दाराबाहेर पडली.

"कुठं चालली ती?"

"शाळेत. मास्तरीण आहे ती."

आईने मान वर केली. "बघ. हिला नोकरी होती. तुना काय होता?"

सातवीच्या परीक्षेत मी वर्गात पहिली आले होते. आमचे मास्तर दोनदा घरी येऊन सांगून गेले होते की मुलीला पलीकडच्या हायस्कुलात घाला, होडीचं मी बघतो. पण जूनमध्ये माझं नाव कुणी घातलं नाही, आणि आगर पुन्हा सुरू झालं तेव्हा माझ्या डोक्यावर टोपली आली. हा राग मी कायम बाबांच्या नावावर ठेवला होता. त्या दिवशी त्यांच्या नावावर आणखी एक जमा झाला होता, त्याच जोरात मी म्हणाले, "काय असणार होतं मला? बाबांनी आठवीत घातलं असतं तर असतं काहीतरी."

मोबाइलवर मुलं उभी राहून बाईंना नमस्कार करत होती.

"तुझा बापूस घालत होता," आई म्हणाली. "मीच नको बोलली. मना एकटीला टोपल्या झेपत नव्हत्या."